रात्री लावलेलं काम सकाळी अर्ध्यावर मेलेलं सापडतं? काय काय तपासायचं, क्रमाने

आधी लक्षणं. यातलं तुमच्याकडे काय होतंय ते बघा, कारण दिसायला सगळं सारखं असलं तरी कारणं वेगळी असतात.

- दूरच्या संगणकावर लांब काम लावलं, लॅपटॉप मिटला, सकाळी बघावं तर काम मधेच थांबलेलं. लॉगमध्ये, म्हणजे कामाच्या नोंदींच्या फाइलमध्ये, एरर म्हणून एक ओळही नाही.
- तेच काम तशाच पद्धतीने लावलं तर एक दिवस टिकतं, दुसऱ्या दिवशी मरतं.
- काम मागे टाकून (कमांडच्या शेवटी अँडचं चिन्ह लावून) एक्झिट लिहिलं, तर खिडकी बंदच होत नाही, नुसती लटकून राहते.
- काम यादीत दिसतं, पण पुढे सरकत नाही.
- लॉगची फाइल रिकामी, काम मात्र चालू असल्यासारखं वाटतं.
- टीमक्स (दूरच्या संगणकावर टर्मिनल चालू ठेवणारा प्रोग्राम) लावलं होतं, तरी परत आल्यावर ते सत्रच सापडत नाही.

बडोद्यात आम्ही सात-आठ जण मिळून इथे सयाजीरावांच्या काळात छापलेली जुनी मराठी पुस्तकं स्कॅन करतो आणि टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामकडून त्यांचा मजकूर काढून घेतो. दांडिया बाजारातल्या एका जुन्या घराच्या माडीवर लिनक्सचा एक संगणक ठेवलाय. कोणी मांजलपुरातून, कोणी कारेलीबागेतून, एक जण तर पुण्याहून, एसएसएचने (दुरून दुसऱ्या संगणकावर कमांड चालवायची सोय) त्यात शिरतात आणि रात्री हजार-दोन हजार पानं लावून झोपतात. ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आणि इतक्यांदा सोडवली, की तपासायचा क्रम आता पाठ झालाय. फुकट आणि मिनिटाभराचं आधी, मशीन उघडायला लावणारं शेवटी.

एक सूचना. मी हे बहुतेक वेळा फोनवरच सांगतो, तेव्हा इथेही कमांड बोलतो तशाच देवनागरीत लिहिल्यात. टाइप करताना इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत करायच्या. मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगेन.

काम खरंच मेलंय का?

"मामा, रात्रीचं काम परत गेलं," सकाळी सातला भाच्याचा फोन.

"गेलं कशावरून म्हणतोस?"

"स्क्रीनवर काहीच येत नाहीये."

स्क्रीनवर काही येत नाही एवढ्यावरून काम गेलं असं धरू नका. तुम्ही नव्याने आत शिरलात की मिळणारं टर्मिनल नवीन असतं. जुन्या कामाचा त्याच्याशी संबंधच नसतो. म्हणून आधी यादी काढा: पी-एस, जागा, ए-यू-एक्स, मग उभी दांडी, मग ग्रेप आणि तुमच्या प्रोग्रामचं नाव. ग्रेपची स्वतःची ओळ येतेच, ती सोडून दुसरी ओळ आली तर काम जिवंत आहे. मग त्या ओळीतला आठवा रकाना वाचा. आर किंवा एस असेल तर सगळं ठीक. मोठा टी असेल तर काम मेलेलं नाही, थांबवलेलं आहे. मोठा डी असेल आणि तो मिनिटंमिनिटं हलत नसेल, तर ते डिस्कची वाट बघतंय. त्याबद्दल शेवटी सांगतो.

टी दिसतो तेव्हा बहुतेक वेळा कामाने तुम्हाला काहीतरी विचारलेलं असतं. "ही फाइल पुसू का, हो की नाही?" किंवा सुडोचा, म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्काने कमांड चालवायचा, पासवर्ड. मागे टाकलेलं काम टर्मिनलमधून उत्तर वाचायला गेलं की लिनक्स त्याला तिथेच थांबवतो. मूळ शेल (टर्मिनलमध्ये तुमच्या कमांड घेणारा प्रोग्राम) अजून उघडं असेल तर एफ-जी लिहा, काम समोर येईल, उत्तर द्या. शेल गेलं असेल तर ते काम मारून नव्याने लावा, आणि या वेळी सगळ्या प्रश्नांची उत्तरं कमांडमध्येच देऊन ठेवा.

रिकाम्या लॉगचं कारण अगदी साधं असतं. प्रोग्रामचा मजकूर टर्मिनलऐवजी फाइलमध्ये जायला लागला की बरेच प्रोग्राम तो ओळीओळीने न टाकता काही किलोबाइट साठले की एकदम ओततात. पायथनला उणे-यू देऊन चालवा, इतरांच्या आधी एस-टी-डी-बफ, जागा, उणे-ओ, मग मोठा एल लावा. माझ्या भाच्याने याच कारणासाठी चांगली चालू असलेली दोन कामं हाताने मारली होती. म्हणून ही तपासणी पहिली.

मेलं असेल, तर मेल्याची वेळ काढा

ही पायरी लोक गाळतात, आणि माझ्या अनुभवात निम्मं निदान इथेच होतं. शेवटची तयार झालेली फाइल शोधा. एल-एस, जागा, उणे-एल-टी दिलं की सर्वांत नवी फाइल वर येते आणि तिच्यासमोर वेळ असते. ती वेळ कागदावर लिहा. शेजारी तुम्ही लॅपटॉप कधी मिटला किंवा नेट कधी गेलं ते लिहा. दोन वेळांमधलं अंतर बोलतं.

आमचं एक उदाहरण. १८६० पानांचं काम रात्री ११ वाजता लावलं. प्रत्येक पान झालं की त्याचा आकडा स्क्रीनवर येत होता. पावणेबाराला लॅपटॉप मिटला. ४१२ व्या पानाच्या फाइलवर वेळ होती १२ वाजून २ मिनिटं. मधे १७ मिनिटं. एवढं ऐकूनच कारण कळलं.

झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो, पण जाताना सर्व्हरला काही सांगून जात नाही. सर्व्हर बिचारा पुढची ओळ पाठवतो, पोच येत नाही, परत पाठवतो, आणखी थोडं थांबून परत. लिनक्सच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये हे १५ वेळा होतं आणि त्यात साधारण पाव तास ते अर्धा तास जातो. मग तो जोडणी तुटली असं ठरवतो. टर्मिनल बंद होतं, आणि त्या टर्मिनलला बांधलेल्या कामाला सिगहप नावाचा इशारा जातो. हप म्हणजे हँग-अप, फोन ठेवणं. टर्मिनलं टेलिफोनच्या तारेवरून मोडेमने जोडली जायची त्या काळातलं हे नाव आहे. समोरच्याने फोन ठेवला, आता कोणासाठी काम करायचं, म्हणून काम बंद. ज्या प्रोग्रामने या इशाऱ्याची वेगळी सोय केलेली नाही तो मुकाट्याने मरतो. म्हणून तर लॉगमध्ये एरर नसते.

काम स्क्रीनवर काहीच लिहीत नसेल तर सर्व्हरला पाठवायलाही काही नसतं, आणि समोरचा गेल्याचं त्याला कळतच नाही. तेव्हा तो २ तासांनी आपणहून चौकशी करतो. ७५ सेकंदांच्या अंतराने ९ वेळा विचारून उत्तर आलं नाही की मग तोडतो. म्हणजे अंतर सव्वादोन तासांच्या आसपास आलं, तर मुकं काम आणि मिटलेला लॅपटॉप हीच जोडी धरा.

अंतर शून्य असेल, म्हणजे तुम्ही बाहेर पडलात त्याच क्षणी काम गेलं, तर शेलकडे बघा. बॅश या नेहमीच्या शेलमध्ये मागे टाकलेलं काम, तुम्ही एक्झिट लिहून नीट बाहेर पडलात तर, बॅश स्वतः मारत नाही. जोडणी तुटली तर मात्र सगळ्यांना सिगहप वाटतो. झी-शेल एक्झिट लिहिल्यावरसुद्धा मारतो. "कधी टिकतं, कधी मरतं" याचं कोडं इथे सुटतं: एक दिवस तुम्ही एक्झिट लिहिलंत, दुसऱ्या दिवशी नुसतं झाकण मिटलंत. शिवाय एक्झिट लिहून टिकलेलं कामही पुढे टर्मिनलवर लिहायला गेलं की आपटतं, कारण ते टर्मिनलच उरलेलं नसतं.

आणि मेल्याच्या वेळेचा तुमच्या बाहेर पडण्याशी काहीच मेळ नसेल, पहाटे ४ ला गेलं, दुपारी गेलं, तर खालचे नोहप-टीमक्सचे भाग सोडा आणि थेट मेमरीच्या भागावर जा. टर्मिनलचा दोष नसताना टर्मिनलचे उपाय करत बसलेली माणसं मी पाहिलीत, आणि त्यांच्या फुकट गेलेल्या रात्रींची हळहळ वाटते.

काम आत्ता चालू आहे आणि तुम्हाला निघायचंय

काम साधंच लावलंत, तीन तास झाले, आणि आता आठवलं. घाबरू नका, वाचवता येतं. कंट्रोल धरून झेड दाबा, काम थांबेल. बी-जी लिहा, ते मागे जाऊन परत चालू होईल. मग डिसओन, जागा, उणे-एच, जागा, टक्क्याचं चिन्ह आणि १. याने शेलच्या वहीत नोंद होते की या कामाला सिगहप द्यायचा नाही.

ही तात्पुरती मलमपट्टी आहे. कामाचं लिहिणं अजून जुन्या टर्मिनलकडेच जातंय. ते गेल्यावर काम लिहायला गेलं तर वर सांगितलं तसं आपटेल. काम फाइलमध्ये लिहीत असेल तरच यावर भरवसा ठेवा. रेप्टिर नावाच्या प्रोग्रामने चालू काम उचलून नव्या टर्मिनलमध्ये आणता येतं, पण उबुंटूवर सुरक्षेची एक सेटिंग त्याला अडवते आणि ती सैल करायला अ‍ॅडमिनचा हक्क लागतो. सामायिक मशीनवर मी ते करत नाही.

नोहप, पण पुरतं

नोहप कमांडच्या आधी लावलं की ती सिगहपकडे दुर्लक्ष करते. हे सगळ्यांना माहीत असतं. अडतं ते पुढे. प्रत्येक कामाला तीन नळ्या असतात: आत येणारी, बाहेर जाणारी आणि चुकांची. तिन्ही टर्मिनलपासून सोडवायच्या. म्हणून पूर्ण ओळ अशी:

नोहप ./पाने.एसएच > पाने.लॉग २>&१ < /डेव्ह/नल &

मोठ्याचं चिन्ह म्हणजे बाहेरचं सगळं लॉगमध्ये, २>&१ म्हणजे चुकाही तिथेच, लहानाचं चिन्ह आणि डेव्ह-नल म्हणजे आत येणारी नळी रिकाम्या खड्ड्याला जोडली, आणि शेवटचं अँड म्हणजे काम मागे टाका. हे आकडेही टाइप करताना इंग्रजी. एक्झिट लिहिल्यावर खिडकी लटकते त्याचं कारणही हेच: काम एक नळी धरून बसलेलं असतं आणि ती सुटेपर्यंत एसएसएच वाट बघतो. तिन्ही सोडवल्या की खिडकी पटकन बंद होते.

लॉगचं नाव दिलं नाही तर नोहप स्वतः नोहप.आउट नावाची फाइल तुम्ही उभे असाल त्या फोल्डरमध्ये करतो, तिथे लिहायची परवानगी नसेल तर होम फोल्डरमध्ये. "लॉग कुठे गेला" विचारणाऱ्यांनी ही दोन ठिकाणं आधी बघावीत.

एकदाच लावायचं, काही विचारणार नाही असं काम असेल तर नोहप पुरेसं आहे.

टीमक्स: आमच्याकडे रोज चालतं ते

मला विचाराल तर पानं लावणाऱ्या प्रत्येकाला मी हेच शिकवतो. नोहपमध्ये काम टिकतं, पण परत येऊन त्याच्याशी बोलता येत नाही. टीमक्समध्ये टर्मिनलच सर्व्हरवर राहतं. तुम्ही त्याला येऊन चिकटता आणि सुटून जाता. तुमची जोडणी तुटली तर तुटते फक्त तुमची खिडकी, आतल्या टर्मिनलला त्याचा पत्ताही लागत नाही, म्हणून सिगहपही जात नाही. हेच काम करणारा स्क्रीन नावाचा प्रोग्राम १९८७ पासून आहे आणि जुन्या मशीनवर अजून सापडतो. टीमक्स २००७ चा. दोन्हींपैकी जो असेल तो चालेल.

एसएसएचने आत जा. टीमक्स न्यू -एस पाने लिहा, पाने हे सत्राचं नाव. खाली हिरवी पट्टी येईल. काम लावा. निघताना कंट्रोल धरून बी दाबा, दोन्ही सोडा, मग नुसतं डी. बाहेर आलात. परत आल्यावर टीमक्स अटॅच -टी पाने. नाव विसरलात तर टीमक्स एलएस. मागचा मजकूर वर सरकवून बघायचा तर कंट्रोल-बी आणि मग डावा चौकोनी कंस, बाहेर यायला क्यू.

यातही तीन चुका पुन्हा पुन्हा होतात.

पहिली, टीमक्स आपल्याच लॅपटॉपवर लावलं जातं. आधी टीमक्स, मग त्याच्या आत एसएसएच. हिरवी पट्टी दिसते, माणूस निश्चिंत होतो, आणि लॅपटॉप झोपला की आतली जोडणी नेहमीसारखीच तुटते. क्रम उलटा हवा. टीमक्स लिहायच्या आधी होस्टनेम लिहून कोणत्या मशीनवर उभे आहात ते वाचायची सवय लावा. ज्या संस्थेत आत शिरायला दोन-तीन सर्व्हर असतात तिथेही हेच: काल एकावर पडलात, आज दुसऱ्यावर, आणि सत्र गायब झाल्यासारखं वाटतं. ते कालच्या मशीनवर तुमची वाट बघत असतं.

दुसरी. माझी मावसबहीण प्रूफं तपासते, हात अत्यंत काटेकोर. तिचं काम तीन रात्री मेलं. टीमक्स बरोबर, मशीन बरोबर. शेवटी तिच्या शेजारी बसलो आणि म्हटलं, "ताई, रोज निघतेस तशी नीघ." तिने शांतपणे कंट्रोल-सी दाबलं, मग एक्झिट लिहिलं. "अरे, एक्झिट लिहायला आधी ती खूण यायला नको का?" बरोबरच होतं तिचं, तिला निघायची दुसरी वाट कोणी दाखवलीच नव्हती. तेव्हापासून नव्या माणसाला मी सांगतो: डी विसरलात तर सरळ खिडकीची फुली दाबा, नाहीतर झाकण मिटा. टीमक्समध्ये असाल तर त्याने काही बिघडत नाही. कंट्रोल-सी मात्र कामालाच मारतं.

तिसरी, टीमक्स मशीन बंद पडल्यावरही टिकेल अशी समजूत. नाही टिकत. ते सर्व्हरच्या मेमरीत राहतं, सर्व्हर परत सुरू झाला की सत्र गेलं.

जोडणीच सारखी तुटत असेल

काम टीमक्समध्ये सुरक्षित आहे, पण पाच-दहा मिनिटं काही टाइप केलं नाही की खिडकी गोठते, अशी वेगळी तक्रार असते. घरचा राउटर किंवा मधलं कोणी, निवांत पडलेल्या जोडणीची नोंद काही वेळाने पुसून टाकतं. आपल्या लॅपटॉपवर होम फोल्डरातल्या .एसएसएच फोल्डरमध्ये कॉन्फिग नावाची फाइल असते, नसेल तर करा. त्यात होस्ट आणि तारका अशी ओळ, तिच्याखाली सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ६०. हा शब्द सलग लिहायचा, तिन्ही इंग्रजी शब्दांची पहिली अक्षरं मोठी. मग दर ६० सेकंदांनी लॅपटॉप "आहेस ना?" विचारत राहतो आणि नोंद ताजी राहते. झोपलेला लॅपटॉप विचारू शकत नाही, तेव्हा हा टीमक्सला पर्याय नव्हे.

टीमक्स बरोबर लावूनही सत्र जातं

टीमक्समध्ये स्लीप १००० (हजार सेकंद नुसतं थांबणारी कमांड) लावा, बाहेर पडा, पूर्ण लॉगआउट व्हा, दोन मिनिटांनी परत या. सत्र नसेल तर सर्व्हर स्वतःच मारतोय. २०१६ च्या मे महिन्यात सिस्टमडीची (लिनक्समध्ये सगळ्या सेवा सांभाळणारा प्रोग्राम) २३० वी आवृत्ती आली तेव्हा, वापरणारा बाहेर पडला की त्याची मागे उरलेली सगळी कामं मारायची, अशी सेटिंग मुळातच चालू करून दिली होती. डेबियन-उबुंटू ती बंद ठेवून देतात, पण मशीन लावणाऱ्याने ती चालू केलेली असू शकते. /ईटीसी/सिस्टमडी/लॉगइनडी.कॉन्फ फाइलमध्ये किलयूझरप्रोसेसेस समोर येस आहे का ते बघा. बघायला हक्क लागत नाहीत.

मशीन तुमचंच असेल तर नो करा आणि मशीन रीस्टार्ट करा. ती सेटिंग तशीच ठेवायची असेल तर लॉगइनसीटीएल एनेबल-लिंगर आणि पुढे तुमचं युझरनेम, आणि टीमक्स सुरू करताना सिस्टमडी-रन --यूझर --स्कोप टीमक्स. दोन्ही हवेत. नुसतं लिंगर करून साध्या पद्धतीने टीमक्स लावलं तर ते मरतंच.

मशीन दुसऱ्याचं असेल तर इथे हात लावू नका. ती सेटिंग कोणीतरी कारणाने ठेवलेली असते.

मेमरी आणि डिस्क

मेल्याची वेळ तुमच्या जाण्यायेण्याशी जुळत नाही, त्यांच्यासाठी हा भाग. मेमरी संपली की लिनक्स स्वतः जगण्यासाठी सगळ्यांत जड काम निवडून मारतो. ते काम बहुधा तुमचंच असतं. लिनक्सच्या स्वतःच्या नोंदी बघा: सुडो, मग डी-एम-ई-एस-जी, जागा, उणे आणि मोठा टी. शेवटच्या ओळींत आउट ऑफ मेमरी आणि किल्ड प्रोसेस असे शब्द, शेजारी तुमच्या प्रोग्रामचं नाव आणि वेळ. वेळ तुमच्या कागदावरच्या वेळेशी जुळली की खटला संपला. स्क्रिप्टमध्ये कामानंतर लगेच एको $? लिहून ठेवत असाल तर आणखी सोपं: १३७ म्हणजे जबरदस्तीने मारलं, आणि त्यात मेमरीचा संशय पहिला. १२९ म्हणजे सिगहप, टर्मिनलचा दोष. १४३ म्हणजे कोणीतरी रीतसर थांबायला सांगितलं.

आम्ही एकाच वेळी आठ पानं वाचायला लावत होतो, ८ जीबीच्या मशीनवर. मोठ्या आकाराची, ६०० डीपीआयची पानं आली की नेमकं तेव्हाच काम मरायचं. आठाची तीन केली, आजपर्यंत तक्रार नाही. नवी मेमरी घ्यायला निघालो होतो, तो खर्च वाचला.

डिस्कसाठी डी-एफ, जागा, उणे-एच. १०० टक्के दिसलं तर कारण मिळालं. जागा असूनही "जागा नाही" म्हणत असेल तर डी-एफ उणे-आय करा. लाखो बारीक फाइली केल्या की जागा उरते, फाइलींचे क्रमांक संपतात.

मशीनच झोपलं किंवा बंद पडलं

अपटाइम लिहा. मशीन किती वेळ चालू आहे ते येतं. तुमच्या कामापेक्षा तो वेळ कमी असेल तर मशीन मधेच बंद पडून परत सुरू झालंय, आणि नोहप-टीमक्स यांचा काही दोष नाही. लास्ट रीबूट लिहिलं की तारखा दिसतात. आमच्याकडच्या यादीत उत्तरायणाचे दोन दिवस हमखास सापडतात, तारांवर मांजा अडकतो आणि वीज येते-जाते. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीला पूर आला तेव्हा तर आम्ही मशीन हातानेच बंद करून ठेवलं होतं.

मशीनला यूपीएस लावताना राउटरलाही लावा. पंधरा-वीस मिनिटांच्या यूपीएसने रात्र निघत नाही, पण झटका निघतो, आणि आमच्याकडे झटकेच जास्त. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्ज) वीज परत आल्यावर मशीन आपोआप सुरू व्हावं अशी सेटिंग असते, ती चालू करा, म्हणजे माडीवर जाऊन बटण दाबायला कोणाला उठवावं लागत नाही.

फाइलींच्या वेळांमधे मोठी पोकळी आहे, उदाहरणार्थ १ ते ६ मधे एकही फाइल नाही, आणि नंतर काम आपोआप पुढे गेलंय? मग ते मेलंच नव्हतं, मशीन झोपलं होतं. साधा डेस्कटॉप सर्व्हर म्हणून वापरला की असं होतं: की-बोर्ड-माऊस कोणी हलवत नाही म्हणजे कोणीच नाही, असं तो धरतो. एसएसएचने आत असलेला माणूस त्याच्या हिशेबात नसतो. सेटिंग्जमध्ये पॉवरमध्ये आपोआप झोपणं बंद करा.

आणि वीज जाणारच आहे, हे धरून स्क्रिप्ट लिहा. आमची स्क्रिप्ट पान घेताना आधी बघते, या पानाची मजकुराची फाइल आहे का. असेल तर पुढचं पान. मजकूर आधी तात्पुरत्या नावाने लिहायचा आणि पान पूर्ण झालं की नाव बदलायचं, म्हणजे अर्धवट पान पूर्ण समजलं जात नाही. या चार ओळी घातल्यापासून काम मेलं तर आमचं फक्त एक पान जातं. मोठ्या फाइली आणताना आरसिंकला --पार्शल, डब्ल्यूगेटला उणे-सी, तेही याचसाठी.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

कॉलेज किंवा संशोधन संस्थेच्या मोठ्या क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांवर) काम करत असाल आणि काम ठराविक वेळाने मारलं जात असेल, तर उपाय शोधू नका. आत शिरायचं मशीन तिथे लांब कामांसाठी नसतंच. तिथे स्लर्मसारखी रांग असते, काम एसबॅचने रांगेत द्यायचं. अ‍ॅडमिनला पत्र लिहा, ते रीत सांगतील. चोरून टीमक्स लावलं तर तुमचं खातं बंद होऊ शकतं आणि शेजाऱ्याचं कामही अडतं.

डी-एम-ई-एस-जीमध्ये आय-ओ एरर असे शब्द डिस्कच्या नावासकट परत परत दिसत असतील, किंवा वर सांगितलेला मोठा डी हलतच नसेल, तर त्याच क्षणी हात थांबवा. काम परत लावू नका, डिस्क दुरुस्तीची कमांड चालवू नका. जात्या डिस्कवर प्रत्येक लिहिणं उरलेलं नुकसान करतं. नकलेशिवायची स्कॅनं असतील तर मशीन बंद करून डेटा परत मिळवणाऱ्याकडे न्या. आमची एक डिस्क अशी गेली होती आणि दोन पुस्तकांची मूळ प्रत तोवर वाळवीने खाल्लेली होती. म्हणून हे इतकं कळकळीने सांगतोय.

मशीन आपोआप रीस्टार्ट होतंय आणि वीज तर गेली नव्हती, किंवा यूपीएसची बॅटरी फुगलीय, जळका वास येतोय, प्लगपाशी ठिणगी दिसतेय, तर मुख्य स्विच बंद करा. पहिल्याला हार्डवेअरवाला, बाकीच्यांना यूपीएसवाला आणि वायरमन. स्वतः उघडू नका.

कोणालाही बोलवाल तेव्हा तो कागद हाताशी ठेवा: काम कधी लावलं, तुम्ही कधी बाहेर पडलात, शेवटच्या फाइलची वेळ, अपटाइमचं उत्तर आणि लॉगच्या शेवटच्या वीस ओळी. आमचा हार्डवेअरवाला आता फोनवर नमस्कार झाला की पहिलं हेच विचारतो, "शेवटची फाइल किती वाजताची?"